सुभेदारणीचा माळ

मला पक्ष्यांचं काही वेड नाही, हे आधीच सांगून टाकते. मी माळावर जाते ती साखरेपायी. आटपाडीच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि आमच्या गावात बाईमाणसानं विनाकारण चालणं शोभत नाही. डोक्यावर वैरणीचा भारा पाहिजे, कमरेवर घागर पाहिजे, निदान हातात पूजेचं ताट तरी. नुसतीच चालणारी बाई दिसली की पारावरची माणसं विचारतात, "कुठं निघाला, बाई?" आणि "कुठंच नाही" हे उत्तर त्यांना चालत नाही. मी मूळची साताऱ्याची, पण इथल्या शाळेत उभी हयात घालवली. पारावरच्या निम्म्या लोकांचे कान मी स्वतः पिळलेत, तरी चालत नाही. म्हणून मी मनुबाईला गाठलं. दुपारचं बिनकामाचं फिरायचा हक्क तिनं केव्हाच मिळवला होता, तोही कुणाला न विचारता.

मनुबाई म्हणजे सुभेदार केरबांची बायको. गाव तिला सुभेदारीण म्हणतं. अंगानं बारकी, चालायला तुरुतुरु, आणि गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीचा पट्टा केव्हाच तुटला, आता तिथं जुन्या साडीचा काठ बांधलाय. तिचं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात. तिथं झाडीमुळे शेजारचं घर दिसत नाही म्हणे. अशा मुलुखातली पोर आमच्या या कोरड्या माळावर दिली. लग्नानंतर रजा संपली आणि केरबा जम्मूला गेले. सासूनं शेळ्या हिच्या हवाली केल्या. पहिलं वर्षभर मी माळावर बसून नुसती रडले, असं ती स्वतःच सांगते.

"मग काय झालं?" मी एकदा विचारलं होतं.

"मग रडू आटलं. आन् बसल्या बसल्या करायचं काय? बघाय लागले."

पुढे केरबांनी एका रजेत येताना दुर्बीण आणली. लांब गेलेल्या शेळ्या दिसाव्यात म्हणून. शेळ्या तिनं त्यातून कधी पाहिल्या नाहीत.

लोक तिला चिडवायचे. "सुभेदारीण, आज शत्रू दिसला का?" असं तरणी पोरं मोटरसायकलवरून ओरडून जायची. केरबा वारल्यावर चिडवणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. नवरा जाऊन महिना झाला नाही तोवर ही परत माळावर. माझ्या जावेनं तर मला बजावलं की तिच्याबरोबर फिरू नको, तुझंही नाव खराब होईल. मी म्हटलं, माझी साखर खराब झालीय तेवढं पुरे आहे.

मी सांगतेय ती गोष्ट मागच्या दसरा-दिवाळीच्या मधली. पाऊस संपला की आमचा माळ पिवळा पडतो. गुडघाभर कुसळी गवत, त्यात मधेमधे हेकळाची झुडपं, बाकी आभाळ. साडीच्या काठात कुसळं घुसतात आणि घरी आल्यावर तासभर उपटत बसावं लागतं. दुपारचं ऊन कलायला लागलं की आम्ही निघायचो. मनुबाई पुढं, मी मागं धापा टाकत. ती मधेच हात वर करायची. हात वर म्हणजे मी थांबायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मी, जिनं आयुष्यभर वर्गाला गप्प बसवलं!

"तो बघा खाटीक पाखरू. तारंवर. नाकतोडा काट्याला टोचून ठेवलाय त्यानं."

"कशाला?"

"मागनं खायला. तुमी न्हाई का चिवडा डब्यात ठेवत?"

कधी चंडोल गवतातून सरळ वर जायचा आणि गात गात खाली यायचा. कधी माळटिटव्या आमच्यावर ओरडायच्या. पण मनुबाईचा जीव अडकलेला असायचा तो शेवटच्या टप्प्यात. माळाच्या पश्चिमेला, ओढ्याच्या अलीकडं, जिथं गवत सगळ्यांत दाट आहे, तिथं एक दगड आहे. त्या दगडाशी आम्ही बसायचो आणि तिच्या पाखरांची वाट बघायचो.

पुस्तकात त्यांचं नाव भोवत्या. घारीपेक्षा बारीक, लांब पंखांची शिकारी पाखरं. नर राखाडी, मादी तपकिरी, तिच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. हिवाळ्याच्या तोंडावर दूर उत्तरेकडून येतात आणि दिवसभर माळामाळांवर नाकतोडे खात हिंडतात. तिन्हीसांजेला एकेक करत आमच्या माळावर गोळा होतात. गवतावरून एक घिरटी, दुसरी घिरटी, मग पाय खाली सोडून गवतात अलगद उतरतात. रात्री तिथंच निजतात. भुईवर. झाडावर नाही. झाडाजवळसुद्धा नाही, कारण झाडावरून कोण झडप घालेल याचा नेम नसतो. मोकळं गवत आणि चारी बाजूंना नजर, एवढंच त्यांना लागतं. मला वेड नाही म्हटलं खरं, पण पहिल्यांदा ती उतरताना बघितली तेव्हा मी गप्प झाले होते. आणि त्या वेळी मनुबाईनं हात वर केलेला नव्हता.

त्या दुपारी आम्ही दगडापाशी पोचलो तर गवतात पांढऱ्या रेघा. चुन्याची फक्की मारलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचे सरपंच नानासो टेप धरून उभे. मनुबाईला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"वैनी, तुमाला घरी येऊन सांगणारच हुतो. केरबाआबांचं स्मृतिवन करतोय हितं. ठराव झालाय. ऋषिराजनं रोपं द्यायची कबूल केल्यात. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मोठा कार्यक्रम."

ऋषिराज हा मनुबाईचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कंपनीत आहे. तो आईशी रोज फोनवर बोलायचा, पण हे त्यानं सांगितलं नव्हतं. आईला आनंदाचा धक्का द्यायचा होता म्हणे.

"हितं पाखरं निजत्यात, नानासो," मनुबाई म्हणाली.

"आवं, पाखरांसाठीच तर झाडं. झाडं आली की बघा कशी येत्यात."

नानासो वाईट माणूस नाही. त्यांचं लहानपण टँकरच्या मागं धावण्यात गेलं. सोयरीक जुळवायला आलेली माणसं हा बोडका माळ बघूनच परत फिरायची, हे त्यांनी पाहिलंय. आता योजनेचं पाणी आलंय, शेतं हिरवी झालीत, आणि गावाच्या डोक्यावर एवढा पिवळा तुकडा राहिलाय. तो त्यांना सलतो. मला हे समजत होतं, म्हणून परत येताना मी मनुबाईला म्हटलं, "तशी सावली होईल की चार लोकांना."

"सावली पाहिजे तर छत्री घ्या," ती म्हणाली आणि गावापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

ट्रॅक्टरला मशीन जोडून पंचायतीनं दोनच दिवसांत निम्म्या माळावर खड्डे पाडले. पुरुषाची मांडी बुडेल एवढे खोल, रांगेनं. लाल माती गवतावर उलटली. त्या संध्याकाळी आम्ही दगडाशी बसलो. पाखरं आली, नेहमीसारखी खाली आली, आणि पुन्हा वर गेली. खूप वेळ फिरत राहिली. अंधार दाटायला लागला तशी ओढ्यापलीकडं निघून गेली. पलीकडं उसाचे फड आणि डाळिंबाच्या बागा आहेत, तिथं त्यांना उतरायला जागा नाही. मनुबाईनं दुर्बीण खाली ठेवली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, दात आवळून बसली.

तिनं सगळं करून पाहिलं. ऋषिराजला फोन केला. "आई, एवढं सगळं ठरलंय, आता माघार घेतली तर माझी काय पत राहील?" असं तो म्हणाला. ती पंचायतीत गेली. तिथं तिला चहा दिला, खुर्ची दिली आणि हसून वाटेला लावलं. सुभेदारणीला दुःखानं असं होतंय, असं कुणीतरी मागून म्हणालं. हे ऐकून माझं डोकं फिरलं. बाई हसली तर हिला दुःख नाही, आणि नाही म्हणाली तर दुःखानं डोकं फिरलं.

कार्यक्रमाच्या दिवशी माळावर मांडव, लाउडस्पीकर, शाळेची पोरं, टोप्या घातलेले माजी सैनिक. गणवेशातल्या केरबांचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स. पहिलं रोप लावायचा मान मनुबाईचा. एरवी विधवा बाईला कार्यात मागच्या रांगेत बसवणारं हे गाव, त्या दिवशी तिला हाताला धरून पुढं नेत होतं. ती गेली. इस्त्रीची साडी, गळ्यात दुर्बीण. ऋषिराजनं दुर्बीण काढून ठेव म्हणून हळूच खूण केली. तिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तिच्या हातात वडाचं रोप दिलं. नानासोंनी माईक पुढं धरला, दोन शब्द बोला म्हणाले.

"तुमी माझ्या मालकाचा मान केला," मनुबाई म्हणाली. "माझं तुमच्यावर काय रागबीग न्हाई. पर हे रोप मी हितं लावणार न्हाई."

लाउडस्पीकरवाल्याला कळेना आवाज वाढवावा की कमी करावा.

"मी पाटणची हाय. झाडात जन्मले, झाडात वाढले. झाड काय असतं ते मला कुणी सांगायला नको. पर हा माळ हाय. हितली पाखरं भुईवर निजत्यात, भुईवर अंडी घालत्यात. तुमी झाडं लावली की ती जाणार. आन् ह्या मुलखात त्यांना दुसरी जागा उरलेली न्हाई. माळ म्हंजी पडीक न्हाई. त्यो तुमच्या आधीपासनं भरलेला हाय."

मागं कुणीतरी हसलं. एक वयस्क माजी सैनिक उठून उभे राहिले, केरबांच्याच पलटणीतले. ते मऊ आवाजात म्हणाले, "वैनी, साहेबांना झाडांची लय आवड हुती. आमाला म्हणायचे, पेन्शनीत जाऊन माळ हिरवा करणार. त्यांच्या आत्म्याला काय वाटंल, याचा तरी इचार करा."

सगळ्यांना वाटलं, आता ती विरघळणार. मलाही वाटलं.

"खरं हाय," मनुबाई म्हणाली. "त्यांना लय आवड. आज असते तर पहिला खड्डा त्यांनीच काढला असता. ह्यावरनं आमची भांडणं जन्मभर चालली. ते म्हणायचे झाडं लावू, मी म्हणायचे लावून बघा. मी त्यांचं जिते असताना ऐकलं न्हाई, तर मेल्यावर कशाला ऐकू?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती की मालकाचीच इच्छा होती माळ राखायची. एवढं म्हटलं असतं तरी सगळे मान्य करून मोकळे झाले असते, कारण मेलेल्या नवऱ्याच्या शब्दाला आमच्याकडं फार वजन. माझ्याही जिभेवर ते आलं होतं, की बाई, खोटं बोल, सुटशील. तिनं तो आधार घेतला नाही. माळ तिला हवा होता, आणि ते तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. मला तिचा एवढा अभिमान वाटला की मी भर सभेत डोळे पुसले.

तिनं रोप ऋषिराजच्या हातात दिलं आणि चालू लागली. घरच्या बाईनं पहिलं रोप लावलं नाही, मग आपण कसं लावायचं, म्हणून कुणीच लावेना. शेवटी चहा आणि भेळ झाली, आणि पिशव्यांतली रोपं मांडवात तशीच रांगेनं राहिली. उरलेलं काम नंतर बघू, असं नानासोंनी जाहीर केलं.

घरी ऋषिराज भडकला. मी तिथंच होते, उठून जाणार होते, पण मनुबाईनं मला बसवून ठेवलं.

"सगळ्या गावापुढं माझी मान खाली घातलीस," तो म्हणाला. "आबा आजारी होते तेव्हा मला रजा मिळाली नाही. शेवटचं मी काहीच केलं नाही त्यांच्यासाठी. आता एवढं करायचं होतं, तेही तू करू दिलं नाहीस." बोलता बोलता त्याचा आवाज फुटला.

मनुबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण बोलणं मऊ केलं नाही.

"बाबा, रड. मीबी रडते. तुला झाडं लावायची हायत ना? आपलं वरचं रान मोकळं हाय. तेल्या रोग पडून डाळिंब गेलं, तवापासनं तसंच पडलंय. तिथं लाव सगळी. मी रोज पाणी घालीन."

ते रान रस्त्याला लागून आहे. तिथं पेट्रोल पंप टाकायचं त्याच्या मनात होतं, हे गावाला ठाऊक होतं.

"ते रान... त्याचं वेगळं ठरलंय, आई."

"पंपाला जागा हाय. बापाला गावाची जागा," मनुबाई म्हणाली.

तो त्याच दिवशी पुण्याला निघून गेला. आईच्या पाया न पडता गेला, हे त्यानं पहिल्यांदाच केलं. ती दारात उभी राहिली, गाडी वळणाआड जाईपर्यंत. मग आत येऊन म्हणाली, "राग हाय तवर ठीक हाय. परत बोलंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी निघाले तर मनुबाईच्या गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर फावडं. पारावरच्या माणसांनी या खेपेला काही विचारलं नाही. माळावर गेल्यावर तिनं दगडाजवळच्या पहिल्या खड्ड्यात माती लोटायला सुरुवात केली.

"मनुबाई, हे पंचायतीचे खड्डे आहेत," मी म्हटलं. "उद्या पोलिसांत जातील."

"जाऊ द्यात. तुमी बसा दगडावर."

मी बसले. थोडा वेळ बसले. पण तिच्या वयाची बाई समोर वाकून माती ओढतेय आणि मी मास्तरणीसारखी बसून बघतेय, हे मला जमेना. फावडं एकच होतं. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि पायानं माती लोटायला लागले. साखरेला चालणं बरं की खड्डे बुजवणं बरं, हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही. दोघींनी मिळून रोज थोडे थोडे केले. वर मनुबाई उपटलेल्या गवताचे गड्डे परत बसवायची आणि पायानं दाबायची. दगडाच्या बाजूचा पट्टा तेवढा सपाट झाला. बाकी निम्मा माळ तसाच खणलेला होता.

नानासोंना कळायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी ते मोटरसायकल घेऊन थेट गवतातून आले. गाडी चालूच ठेवून बोलायला लागले.

"वैनी, हे कुणी केलं?"

"मी," मनुबाई म्हणाली.

"आणि मी," मी म्हटलं. माझ्या पायांना लाल माती होती, खोटं बोलायची सोयच नव्हती.

"बाई, तुमीसुदीक? ठराव झालाय ह्याचा. आबांचं नाव हाय त्यात."

"नाव खोडा," मनुबाई म्हणाली.

"मग दुसऱ्या कुणाच्या नावानं करंन."

"करा. त्याचंबी खड्डं बुजवीन."

नानासोंचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार तेवढ्यात मनुबाईनं हात वर केला. मी सवयीनं थांबले. ते तोंड उघडं ठेवून थांबले.

"गाडी बंद करा," ती म्हणाली. "ती आलीत."

ओढ्याच्या बाजूनं एक राखाडी नर गवताला चिकटून आला. मागून दोन तपकिरी माद्या, मग आणखी. नानासोंनी किल्ली फिरवली. माळावर एकदम इतकी शांतता झाली की पंखांचा आवाज येतोय असं वाटावं. पाखरं खणलेल्या भागावर गेली, वर उठली, फिरली. एक नानासोंच्या डोक्यावरून इतक्या खालून गेलं की त्यांनी मान आत घेतली. मग पहिल्या नरानं आम्ही बुजवलेल्या पट्ट्याच्या कडेला, उभ्या गवतात, पाय सोडले आणि तो दिसेनासा झाला. त्याच्यामागून एकेक करत बाकीची उतरली.

आम्ही तिघंही उभेच होतो. मनुबाईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. नानासो बराच वेळ त्या गवताकडं बघत राहिले.

"उद्या मशीन लावून पुन्हा खणतो, वैनी," ते म्हणाले. पण हे त्यांनी अगदी हळू, कुजबुजत सांगितलं, पाखरं उठू नयेत अशा बेतानं.

"खणा," मनुबाईही कुजबुजली. "मी दुपारी येतेच."